झड लागलीय, कोंबड्यांची मर दिसली की आधी स्वॅब मग औषध

मंडळी, श्रावणाची झड लागली की शेडमधला तूस (खाली अंथरलेलं भाताचं फोलपट) ओला होतो, वास मारतो आणि दोन दिवसात पक्षी मान टाकून कोपऱ्यात बसायला लागतात. मग दरसालचं ठरलेलं, दुकानात पळायचं, तो देईल ती महागडी बाटली पाण्यात सोडायची, आणि मर थांबली नाही की चौथ्या दिवशी लॅब आठवते. तोवर जंतू दबलेला असतो, कल्चरमध्ये (लॅबमध्ये जंतू वाढवून बघतात त्यात) काही उगवत नाही, रिपोर्ट कोरा येतो. असे लॉटच्या लॉट जाताना बघितलेत मी. औषध सोडायच्या आधी स्वॅब, म्हणजे बोंड लावलेल्या काडीवर नमुना, घ्या, बाकी काही नाही ऐकलं तरी चालेल.

आता पीसीआर आहे. जंतूच्या डीएनएचा तुकडा मशीनमध्ये लाखो पटीनं वाढवून ओळखतात, लॅबमध्ये पोचल्यावर काही तासांचं काम. साल्मोनेला जंतूच्या कल्चरला तीन ते पाच दिवस लागतात. पण कल्चरपण सांगाच, कारण कोणतं औषध चालेल ते पीसीआर सांगत नाही.

नमुना असा घ्या:
- आजारी पण जिवंत 5-6 पक्षी, मागच्या वाटेचा स्वॅब
- प्लॅस्टिक काडीचा पॉलिस्टर स्वॅब, लाकडी काडी नको
- फॉर्मेलिनमध्ये बुडवू नका
- बर्फाच्या डब्यात, त्याच दिवशी रवाना

तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यातून पत्र घ्या, पुण्यात औंधला रोगनिदान प्रयोगशाळा आहे, तुमच्या जवळ पीसीआर कुठं होतं ते आजच विचारून ठेवा. आणि एकाएकी ढिगानं मर झाली तर पक्षी फाडू नका, हातपण लावू नका, बर्ड फ्लू असू शकतो, लगेच डॉक्टरांना फोन करा.

घरातल्या माणसांचं तर कुणी बघतच नाही. बदकं, टर्की, कबुतरं, पोपट यांच्या वाळलेल्या विष्ठेची धूळ नाकात गेली की सिटॅकोसिस (पक्ष्यांपासून माणसाला होणारा आजार) होतो, साधारण 5 ते 14 दिवसांनी ताप, डोकेदुखी, कोरडा खोकला. गावात त्याला व्हायरल म्हणून सोडून देतात. हा जंतू पेशीच्या आत राहतो, नेहमीच्या कल्चरमध्ये सापडत नाही, थुंकीचा नाहीतर घशाच्या स्वॅबचा पीसीआरच लागतो. अमॉक्सिसिलीनवर भरवसा नाही, डॉक्सिसायक्लिन चालतं, पण डोस डॉक्टरच ठरवतील. तुम्ही फक्त "आमच्याकडं पक्षी आहेत" एवढं आपणहून सांगा, ते विचारतीलच असं नाही.

बाकीची कामं:
- 1000 लिटर पाण्याला 6 ते 8 ग्रॅम ब्लिचिंग पावडर (33 टक्के क्लोरीनची)
- तूस रोज हलवा, माझा अंदाज मुठीत दाबून गोळा झाला की बदलायची वेळ झाली
- झाडायच्या आधी पाणी शिंपडा, एन-95 मास्क लावा
- मेलेला पक्षी खड्ड्यात चुन्यासकट पुरा, कुत्र्याला टाकू नका

कोलिस्टिन या अँटिबायोटिकची पावडर कुणी गळ्यात मारली तर सरळ परत करा, 2019 पासून कोंबड्यांना द्यायला बंदी आहे. स्वॅबच्या दोन-चार काड्या आणि थर्माकोलचा डबा आजच शेडवर आणून ठेवा, रात्री मर लागली तर तेव्हा कुठं मिळणार.