जुन्या डेस्कटॉपला हार्डडिस्क दिसत नसेल तर

जुना डेस्कटॉप डिस्क ओळखेनासा झाला, की लोक दोनच सल्ले देतात: ‘फॉरमॅट मारा’ किंवा ‘डिस्क गेली, नवी टाका’. दोन्ही ऐकू नका. जी डिस्क बायोसलाच (मशीन सुरू होताना सगळ्यांत आधी चालणाऱ्या मूळ प्रोग्रामला) दिसत नाही ती फॉरमॅट होणार कशी? आणि ‘गेली’ म्हणून माझ्याकडे आलेल्या कितीतरी डिस्क नुसती केबल बदलल्यावर चालू झाल्या आहेत. त्यांच्यात कुणाच्या लग्नाचे फोटो होते, कुणाच्या दुकानाचा वर्षानुवर्षांचा हिशेब.

आधी बायोस उघडा (सुरू होताना डिलीट किंवा एफ२). तिथे डिस्कचे नाव असेल तर कॅबिनेट उघडू नका. विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन तिला ड्राइव्ह लेटर (डी:, ई: असे अक्षर) आहे का ते बघा. ‘इनिशियलाइझ करू का’ (कोरी डिस्क म्हणून तयार करू का) असे विचारले आणि आत डेटा असेल, तर कॅन्सल करा.

बायोसमध्ये नाव नसेल तर डिस्कला हात लावून ती फिरते का ते पाहा. थरथर अजिबात नसेल तर एसएमपीएसची (मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याची) दुसरी पॉवर पिन लावा. टक-टक-टक असा आवाज येत असेल तर मशीन तिथेच बंद करा. डेटा हवा असेल तर ती पुन्हा पुन्हा चालू करून बघणे हा सर्वांत महागात पडणारा प्रयोग आहे.

साटा डिस्क (अरुंद केबलची) असेल तर केबल बदला, पोर्ट बदला. व्हीआयए व्हीटी८२३७ सारख्या जुन्या चिपसेटवर नवी डिस्क दिसत नसेल, तर डिस्कवरच्या जंपरने (पिनांवर बसणाऱ्या छोट्या टोपीने) वेग १.५ गिगाबिटवर आणावा लागतो.

खरा घोळ आयडीई डिस्कचा. साटाच्या आधीची ही जोडणी, पट्टीसारखी रुंद केबल असते तिची. एका केबलवर दोन ड्राइव्ह लागतात: एक मास्टर (पहिला), एक स्लेव्ह (दुसरा). ८० तारांच्या केबलचे निळे टोक मदरबोर्डला, शेवटचे काळे मास्टरला आणि मधले राखाडी स्लेव्हला. एकटी डिस्क मधल्या कनेक्टरला लावू नका, शेवटच्यालाच लावा. एका केबलवर दोन मास्टर असतील तर एकतर दोन्ही गायब होतात, नाहीतर कधी ही दिसते, कधी ती. एक ‘केबल सिलेक्ट’वर (केबलवरच्या जागेवरून मास्टर-स्लेव्ह ठरवणाऱ्या सेटिंगवर) आणि दुसरी मास्टरवर, अशी सरमिसळ मुळीच करू नका.

माझ्या दोन संध्याकाळी मात्र वेगळ्याच कारणाने गेल्या. शेजारच्या काकांच्या मशीनमधला बंद पडलेला सीडी ड्राइव्ह मी काढला आणि त्याच क्षणापासून त्याच केबलवरची चांगली डिस्क दिसेना. केबल बदलली, एसएमपीएस बदलला, काहीच होईना. काकांना ‘डिस्क गेली’ असे सांगायच्या बेतात होतो. मग डिस्कवरचे लेबल नीट वाचले. काही डिस्कमध्ये ‘स्लेव्हसोबत मास्टर’ आणि ‘एकटी’ अशा दोन वेगळ्या सेटिंग असतात. सीडी ड्राइव्ह गेला तरी जंपर पहिल्याच जागी होता, आणि आता नसलेल्या स्लेव्हची डिस्क वाट पाहत बसली होती. जंपर काढल्याबरोबर बायोसमध्ये नाव आले. म्हणून केबलवरून काहीही काढले किंवा जोडले, की लेबल पुन्हा वाचा. दुसऱ्या डिस्कच्या आठवणीवर जंपर लावू नका, प्रत्येक कंपनीची मांडणी निराळी असते.

केबल, जंपर यांची काढघाल वीज पूर्ण काढूनच करा. केबल ओढताना पट्टी धरू नका, कनेक्टर धरा. पिन वाकली असेल तर शिसे काढलेल्या क्लच पेन्सिलच्या टोकाने हळूच सरळ करा.

तरीही दिसत नसेल तर बायोसमध्ये तो आयडीई चॅनल ‘नन’वर (None, म्हणजे बंद) आहे का बघा, ‘ऑटो’ करा. घड्याळ मागे गेले असेल तर मदरबोर्डवरचा सीआर२०३२ सेल (नाण्यासारखा गोल) बहुधा संपला आहे, नवा टाका. सेल संपून सेटिंग पुसले गेले, की एएचसीआय आणि आयडीई मोडची (साटा डिस्कशी बोलायच्या दोन पद्धतींची) अदलाबदल होऊ शकते. मग डिस्क दिसते, पण विंडोज निळ्या पडद्यावर थांबते. पूर्वीचा मोड परत लावा, विंडोज पुन्हा टाकायची गरज नाही.

डिस्क दिसली की लगेच महत्त्वाचे सगळे बाहेरच्या डिस्कवर उतरवून घ्या. कॅबिनेटचे स्क्रू त्यानंतर लावा.