जुनी थार-जिप्सी घेताय? गोव्यात या चुका टाळा

सत्तरी-सांगे भागात जुनी थार, जिप्सी किंवा एमएम ५४० अशी जीपच्या जातीची गाडी विकायला निघाली की किमतीवरून बरीच घासाघीस होते, पण गाडीखाली वाकून कोणी बघत नाही. सगळ्यात महाग पडणारी चूक ही.

गोव्यात वर्षाला साधारण ३,००० मिलिमीटर पाऊस, वर किनाऱ्याकडची खारी हवा. या गाड्यांची बॉडी वेगळ्या लोखंडी चासीवर, म्हणजे सांगाड्यावर, बसवलेली असते आणि चासीच्या पोकळ भागात गंज आतून धरतो. बाहेरून तो दिसत नाही. म्हणून विकण्याच्या तोंडावर खालून ताजा काळा रंग मारलेली गाडी दिसली की मला आधी शंका येते. गाडी रॅम्पवर चढवायला लावा. पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) जिथे चासीला अडकवलेले असतात तिथे आणि बॉडी चासीला जोडणाऱ्या माउंटपाशी जाड स्क्रूड्रायव्हर जोरात दाबून बघा. पापुद्रे सुटले किंवा टोक आत गेलं, तर इंजिन कितीही गोड चालत असलं तरी सौदा सोडा. पत्रा बदलून मिळतो. चासीचं वेल्डिंग मात्र एका जागी थांबत नाही, आणि चासी नंबरच गंजाने खाल्ला असेल तर आरटीओच्या तपासणीत गाडी अडकते. घेतल्यावरसुद्धा गंज न खरवडता वरून कोटिंग मारू नका, ओल आतच कोंडते.

दुसरी चूक पाण्याची. लांब चालून तापलेली गाडी थेट ओढ्यात घातली की डिफ्रन्शियल (अ‍ॅक्सलमधली, चाकांना ताकद वाटणारी गिअरपेटी) एकदम थंड होतं, आतली हवा आकसते आणि ब्रीदर (हवा ये-जा करायची वाट) किंवा सील सैल असेल तर पाणी आत ओढलं जातं. त्यातलं ऑइल दुधाळ दिसलं तर त्याच आठवड्यात बदला. पावसाळा संपल्यावर बघू म्हणणाऱ्यांना आतल्या क्राउन-पिनियन गिअरचा खर्च सोसावा लागतो, त्यापुढे गिअर ऑइलचा डबा काहीच नाही. ब्रीदरची नळी उंचावर नेणं हे अगदी स्वस्तातलं काम. मोठे टायर आणि बंपर यांच्या आधी ते करा. शिवाय मूळ रचनेत मनाजोगते बदल करायला मोटर वाहन कायद्याचं कलम ५२ आड येतं.

डांबरी रस्त्यावर फोर-व्हील (चारही चाकांना ताकद) लावून गाडी चालवू नका, वळणावर सगळा ताण ट्रान्सफर केसवर, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीवर, येतो. किनाऱ्यावर गाडी घालायला गोव्यात बंदीच आहे, आणि खारं पाणी ब्रेकचा नाश करतं तो वेगळा.

आता कागद. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते, पुढे दर ५ वर्षांनी नूतनीकरण. १ एप्रिल २०२२ पासून चारचाकीला त्याचं शुल्क ५,००० रुपये झालं, २० वर्षांवरच्या गाडीला २०२५ पासून १०,०००. मुदत चुकली तर दर महिन्याला ५०० रुपये जादा. मुदत संपत आलेली गाडी घेत असाल तर ही रक्कम आणि तपासणीत पास होण्यापुरती दुरुस्ती किमतीतून वजा करूनच बोला. गाडी बाहेरच्या राज्यातली असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी (ना-हरकत दाखला) हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नका, आणि गोव्यातला रोड टॅक्स वेगळा धरा.

विम्याचंही बघा. ५ वर्षांवरच्या गाडीची आयडीव्ही (विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत) कंपनी आणि मालक आपसात ठरवतात. हप्ता वाचावा म्हणून ती खाली आणली, तर गाडी चोरीला गेल्यावर हातात तेवढीच रक्कम येते.