एआयकडून दुधाच्या आकड्यांची क्वेरी लिहून घेताना

‘कागल तालुक्यात दूध का घटलं?’ असं मोघम विचारून क्वेरी (डेटाबेसला विचारायचा प्रश्न) लिहायला लावली, की एआय असिस्टंट हाताला लागेल ते टेबल उपसत बसतो. आधी त्याला टेबलांची यादी, कॉलमची नावं-प्रकार आणि पार्टिशन (टेबलाचे पाडलेले तुकडे, बहुधा तारखेवार) कशावर आहे एवढंच बघायला लावा. नाहीतर नसलेल्या कॉलमचं नाव तो बिनदिक्कत ठोकून देतो. लॉगिन फक्त वाचण्यापुरतं द्या. वेळेची मर्यादा, समजा 30 सेकंद, डेटाबेसच्या बाजूनेच लावा. तोंडी बजावून भागत नाही.

बिगक्वेरी, क्लिकहाऊस यांसारख्या मोठ्या डेटाच्या डेटाबेसमध्ये प्रत्येक कॉलम वेगळा साठवलेला असतो. लिटर आणि फॅट हवं असेल तर तेवढीच नावं लिहून घ्या, ‘सिलेक्ट स्टार’ (सगळे कॉलम) नको. शेवटी ‘लिमिट 10’ (दहाच ओळी दाखव) लावलं म्हणजे स्वस्तात झालं, हा भ्रम आहे. बिगक्वेरीत साध्या टेबलावर त्याने वाचलेले बाइट, म्हणजे ज्यांवर खर्च ठरतो तो डेटा, कमी होत नाहीत. आधी ड्राय रन (क्वेरी प्रत्यक्ष न चालवता तपासणी) करायला सांगा. तो फुकट असतो आणि किती बाइट वाचले जाणार ते सांगतो.

तारखेची अट पार्टिशनच्या कॉलमवर थेट हवी: 1 जून किंवा नंतर, आणि 11 जूनच्या आधी. दूध उत्पादकाचं दहा दिवसांचं बिल त्यात नेमकं बसतं. तारखेचा मजकूर करून तुलना केली, तर बहुतेक वेळा सगळी पार्टिशनं वाचली जातात. वेळ यूटीसीत (भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे) साठवली असेल तर पहाटे 5:10 ला घातलेलं दूध आदल्या दिवशी रात्री 11:40 ला पडतं. त्यामुळे सीमा ठरवतानाच साडेपाच तास वजा करा.

खरी गडबड जॉइनमध्ये, म्हणजे दोन टेबलं जोडताना. एका उत्पादकाच्या दहा दिवसांत दुधाच्या 20 नोंदी, मिळून 200 लिटर, आणि पशुखाद्याच्या 3 उचली. दोन्ही टेबलं उत्पादक क्रमांकावर सरळ जोडली की 60 ओळी होतात, दूध 600 लिटर दिसतं आणि खाद्याची रक्कम वीसपट. क्वेरी बिनचूक चालते, म्हणून कुणाला संशयही येत नाही. दोन्हीकडची बेरीज उत्पादकवार आधी करून मगच जोडायला सांगा. असिस्टंट अशा वेळी ‘डिस्टिंक्ट’ (एकसारख्यांतलं एकच धर) टाकून मोकळा होतो. ते मान्य करू नका, त्याने एकसारख्या लिटरच्या खऱ्या नोंदीही गळतात.

फॅटची सरासरीही तशीच फसवते. 80 लिटर 6.0 चं आणि 20 लिटर 7.0 चं, साधी सरासरी 6.5, खरी 6.2. लिटर गुणिले फॅटच्या बेरजेला एकूण लिटरने भागायचं, हे प्रश्नातच लिहा.

बेरीज डेटाबेसमध्येच व्हायला हवी. हजारो कच्च्या ओळी मागवल्या तर काही टूल ठरावीक ओळींनंतर निकाल कापतात आणि असिस्टंट उरलेल्याचीच बेरीज सांगतो. उत्तरासोबत ओळींची संख्या मागा; ती नेमकी 1000 सारखी गोल आली, तर निकाल कापलाय असं धरून चाला.