मिशनच्या दवाखान्यात जाताय? आधी काचेची नळी बघा

नागपूरच्या मेडिकल कॉलेजातून इंटर्नशिप संपवलेली दोन-चार पोरंपोरी दरवर्षी मला भेटायला सदरला येतात. मिशनच्या हॉस्पिटलात जायचंय म्हणतात. प्रश्न ठरलेले असतात. पगार? कमी. पीजीचा अभ्यास? तिथे होत नाही, होतो म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. भीती? वाटते. मला तिथल्या नोकरीच्या आठव्या वर्षीही वाटायची.

प्रकाश आणि मंदाकिनी आमटे, अभय बंग, रवींद्र कोल्हे, आदिवासी भागात काम करणारे हे सगळे नागपूरच्याच मेडिकलचे. त्यांची भाषणं ऐकून निघालात तर वाईट काहीच नाही. फक्त वॉर्डातल्या नळ्या कोण धुतं आणि कशानं, हे भाषणात येत नाही.

मी रुजू झाले तेव्हा आमच्या तीस खाटांच्या दवाखान्यात लॅब म्हणजे एक टेबल होतं. त्यावर काचेच्या नळ्यांचा स्टँड, नळ्यांवर पिवळट डाग. मेडिकलमधून नुकतीच आलेली मी! सिस्टरला म्हटलं, सगळ्या साबणाच्या पावडरीनं घासून चकचकीत करा. त्या म्हणाल्या, "मॅडम, साप चावलेल्यांच्या नळ्या आम्ही साबणानं धूत नाही. मोठे डॉक्टर नाही म्हणायचे." का, ते त्यांना सांगता येईना. मी हसले. त्यांनी नळ्या घासल्या.

रोवणीच्या दिवसांत एक बाई आली, पायाला साप चावलेला. सासू म्हणत होती, धामण होती, बिनविषारी, आम्ही पाह्यली. सूज नाही, हिरड्यांतून रक्त नाही, पापण्या जड नाहीत. रक्त गोठतं का ते बघायला नियमाप्रमाणे नळीत दोन मिली रक्त घेतलं, वीस मिनिटं हलवलं नाही, मग एकदा तिरकी केली. रक्त पाण्यासारखं वाहिलं. म्हणजे रक्त गोठू न देणारं विष, घोणस किंवा फुरसं, असं मी ठरवलं. सासूचं कोण ऐकतं? एएसव्हीच्या, म्हणजे सर्पविषावरच्या औषधाच्या, दहा व्हायल (बाटल्या) सुरू केल्या. थोड्याच वेळात त्या औषधाची रिअ‍ॅक्शन येऊन अंगभर पित्त उठलं, उलटी झाली, बीपी लागेना. मांडीत अर्धा मिलिग्रॅम अ‍ॅड्रिनलिन दिलं, सलाईन धावतं केलं, बाई वाचली. माझे हात मात्र पहाटेपर्यंत थरथरत होते.

सहा तासांनी पुन्हा चाचणी केली. रक्त पातळच. कपाटात उरलेल्या दहा व्हायल मी काढायला लागले, तेव्हा सिस्टर हळूच म्हणाल्या, "मॅडम, एका नळीत तुमचं रक्त घेऊन बघा ना."

घेतलं. वीस मिनिटांनी माझंही रक्त पातळ.

कारण नंतर वाचलं. या चाचणीत रक्त गोठतं ते काचेमुळे. साध्या काचेचा पृष्ठभाग फॅक्टर बाराला, म्हणजे रक्तातल्या एका प्रथिनाला, जागं करतो आणि तिथून गोठण्याची साखळी सुरू होते. साबणाचा थर राहिला की ती सुरू होत नाही आणि धडधाकट माणसाचं रक्तही विषारल्यासारखं दिसतं. प्लास्टिकच्या नळीचंही तेच. म्हणून नळी साध्या काचेची हवी आणि कोरडी हवी. नवी असेल तर उत्तम, नाहीतर उष्णतेनं स्वच्छ केलेली. मधेमधे हलवून बघायचं नाही. शंका आली की शेजारी निरोगी माणसाच्या रक्ताची दुसरी नळी लावायची. मी तर शंका नसली तरी लावते. आणखी एक, रक्त व्यवस्थित गोठलं म्हणून मण्यार किंवा नाग नाही असं धरू नका. त्यांचं विष नसांवर जातं, तिथे पापण्या आणि श्वास बघत बसावं लागतं.

गुरू म्हणून मोठ्या नावाचा डॉक्टर शोधू नका, असं मी सांगते तेव्हा पोरांना ते पटत नाही. तिथे वीस वर्षं काढलेली सिस्टर शोधा. तिला कारण माहीत नसेल, पण नियम कुठल्या चुकीतून आला ते तिनं पाहिलेलं असतं.

आणि जुगाडाचं कौतुक थांबवा, बाप्पा. दोंडाईच्याच्या डॉ. टोणगावकरांनी हर्नियासाठी मच्छरदाणीच्या कापडाची जाळी वापरली, हे सगळे ऐकून येतात. पण ती निर्जंतुक करून, रुग्णांच्या नोंदी ठेवून, छापून जगापुढे मांडली, हे कोणी सांगत नाही. नाहीतर मी नळ्या घासल्या तोही जुगाडच होता.

बाकी गोष्टी जमतात. स्पायनल, म्हणजे कमरेतून भूल देणं, जमतं, उलटी फिरलेली बाळं जमतात, सकाळच्या प्रार्थनेला उशिरा गेलात तरी कोणी ओरडत नाही. रुग्णाला धर्म विचारू नका, आपला सांगत बसू नका, कोणी विचारलाच तर खरं सांगा. घोणस चावलेल्याची लघवी कमी झाली की अभिमान गिळून डायलिसिस असेल तिथे पाठवा. माझ्याकडून हे एकदा उशिरा झालं, आणि त्याबद्दल मला इथे लिहिता येत नाही.

निघण्याआधी मेडिकल चौकातून साध्या काचेच्या नळ्यांचा एक डबा घेऊन जा. आमच्या दवाखान्यात गेलात तर कपाटाच्या दारावर "साबण नाही" असं लिहिलेली चिठ्ठी दिसेल. अक्षर सिस्टरचं आहे. त्या निवृत्त झाल्यात. दार रंगवाल तेव्हा तेवढी जागा सोडा.