कुत्र्याची गोचीड जात नसेल, तर आधी छपरीची भिंत बघा

आमच्या भुऱ्याला पहिल्याच उन्हाळ्यात गोचिडी झाल्या. रोज संध्याकाळी त्याचे कान उलटे करून वेचत बसायचो. वीस काढल्या की दुसऱ्या दिवशी पुन्हा पंधरा हजर. साबण झाला, कडुनिंबाचा पाला झाला. कोणी सांगितलं म्हणून कापूर घातलेलं खोबरेलही लावलं. ते तुम्ही लावू नका, कुत्रं अंग चाटतं आणि कापूर त्याच्या पोटात गेला तर विषबाधा होते.

शेवटी ओटा दुरुस्त करायला आलेल्या गवंडीकाकांनी थापीचं टोक छपरीच्या, म्हणजे घराला लागून असलेल्या पडवीच्या, चौकटीलगतच्या भेगेत घातलं, जरा फिरवलं आणि बाहेर काढलं. टोकावर एरंडीच्या बीएवढी, टम्म फुगलेली राखाडी गोचीड आणि तिच्या मागोमाग तपकिरी अंड्यांचा चिकट पुंजका. काका म्हणाले, "कुत्र्याले काय घासून राह्यले भाऊ, भितीत पाहा."

कुत्र्याची ही तपकिरी गोचीड जन्मभर कुत्र्यावर राहत नाही. रक्त पिते, गळून पडते, भेगेत शिरून कात टाकते आणि पुन्हा भुकेली होऊन अंगावर चढते. असं तीनदा होतं. शेवटच्या वेळी मादी उतरते ती अंडी घालायलाच, आणि एक मादी हजारांवर अंडी घालू शकते. तिला खालून वर चढायची खोड असते, म्हणून ती जमिनीपेक्षा भिंतीत, चौकटीमागे, कवेलूखालच्या फाट्यांत (छपराच्या लाकडांत) जास्त सापडते. उपाशीपोटी महिनोन् महिने जगते, त्यामुळे कुत्र्याला महिनाभर पाहुण्यांकडे ठेवूनही उपयोग होत नाही.

कोठ्यातल्या (गोठ्यातल्या) बैलांवरची गोचीड बहुतेक वेळा निराळ्या जातीची असते. ती मोठी होईपर्यंत एकाच जनावरावर राहते. म्हणून कोठ्यात फवारलं आणि छपरी सोडली, तर कुत्र्याचा त्रास तसाच राहतो.

आधी कुत्रं

घर आणि कुत्रं, दोन्ही एकाच आठवड्यात झालं पाहिजे. गुरांच्या डॉक्टरांकडे वजन करून घ्या. चघळायची गोळी किंवा मानेवर टाकायचं औषध वजनाप्रमाणेच मिळतं. बैलासाठी आणलेलं गोचिडीचं औषध अंदाजाने पातळ करून कुत्र्याला लावणं हा आपल्याकडचा मोठा घोळ आहे. त्याने कुत्रं थरथरतं, लाळ गाळतं, कधी दगावतंही. घरात मांजर असेल तर डॉक्टरांना तेही सांगा, कारण कुत्र्याची काही औषधं मांजराला चालत नाहीत.

अंगावरची मोठी गोचीड चिमट्याने कातडीला अगदी लागून धरा आणि सरळ वर ओढा. रॉकेल, विडीचा चटका काही नको. काढलेली नखाने चिरडू नका, स्पिरिटच्या बाटलीत टाका. कान, बगल, बोटांच्या बेचक्या आणि पट्ट्याखालची जागा रोज बघा. कुत्रं सुस्त झालं, खाणं सोडलं, हिरड्या पांढुरक्या दिसल्या किंवा नाकातून रक्त आलं तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. गोचिडीतून येणारा ताप रक्तावर जातो.

मग भिंत

होळी झाली की हे काम काढावं. चणा-गहू घरात येत असतो, पाऊस लांब असतो. पहिल्या दिवशी छपरी पूर्ण रिकामी करा. बाज, पोती, जुनी चपलांची टोपली, कुत्र्याची वाकळ, सगळं उन्हात. वाकळ उकळत्या पाण्यात घालून धुवा; फारच जुनी असेल तर जाळून टाका. जीव अडकवायचं कारण नाही. फडा घेऊन वरून खाली या: आधी फाटे आणि मयालीच्या (आडव्या तुळईच्या) खाचा, मग चौकटी, शेवटी ओटा. निघालेला केर उकिरड्यावर नको, तिथून गोचीड परत चालत येते. मोकळ्या जागी जाळा. भेगांत मात्र टेंभा फिरवायला जाऊ नका. वर वाळलेलं लाकूड आणि शेजारी कुटाराचा (भुशाचा) ढीग, एवढ्यात घर जायचं.

मातीच्या भिंतीला मातीच भरावी. पांढरी माती, शेण आणि बारीक कुटार कालवून दोन दिवस भिजत ठेवा, मधेमधे पायाने तुडवा. भेग खिळ्याने उकरून आतून रुंद करा, नाहीतर वरवर लावलेली माती सुकली की पापडासारखी निघते. भेगेवर पाणी शिंपडा, गोळा अंगठ्याने खोलवर दाबा. सुकताना चीर पडतेच; दुसऱ्या दिवशी पातळ काल्याचा हात फिरवा. सिमेंटच्या भिंतीची भेग छन्नीने मोकळी करून एकास चार सिमेंट-रेतीने भरा आणि आठवडाभर पाणी मारा. मातीच्या भिंतीवर सिमेंट लावायचा मोह टाळा. वर्षभरात ते सुटतं आणि मागे गोचिडीला आयती खोली मिळते. आमच्या मागच्या भिंतीला हा शहाणपणा मीच करून ठेवला होता.

दारा-खिडक्यांच्या चौकटी आणि भिंतीमधली फट सगळे विसरतात. गवंडीकाकांना पुंजका सापडला तो तिथेच.

शेवटी चुना. चुन्याने गोचीड मरते असं म्हणतात, पण त्यावर विसंबू नका. त्याचा खरा फायदा असा की केसाएवढ्या चिरा बुजतात आणि पांढऱ्या भिंतीवर चालणारी गोचीड लांबून दिसते. कळीचा चुना लोखंडी पिपात विझवा, प्लास्टिकच्या बादलीत नाही, कारण तो खळखळून उकळतो. चुन्यात पाणी नको, पाण्यात थोडा थोडा चुना टाका. तोंडावर रुमाल, डोळ्यांना चष्मा आणि कुत्रं लांब बांधलेलं. रात्रभर मुरू द्या, फडक्याने गाळा, थोडा डिंक घाला आणि सकाळच्या गारव्यात दोन हात द्या. भर उन्हात दिलेला चुना लवकर सुकतो आणि पिठासारखा हाताला लागतो.

डॉक्टरांनी भिंतीवर फवारायचं औषध दिलं असेल, तर ते चुन्याआधी, भेगा बुजवायच्या आधी फवारा. पूर्ण वाळेपर्यंत कुत्रं, कोंबड्या आणि पोरं छपरीत येऊ देऊ नका.

भुऱ्याची जागा आता भिंतीपासून हातभर लांब आहे. खाली वाकळ नाही, बाज. तिच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवतो आणि डास होऊ नयेत म्हणून पाणी रोज बदलतो.

फिरायला नेताना

रानातून एखादी गोचीड येतेच, म्हणून पांदणीवरून परतलं की अंगणातच अंगावरून हात फिरवायचा. उन्हाळ्यात सकाळी सहाच्या आत निघावं. डांबरी रस्त्यावर हाताचा पंजा उलटा ठेवून सात आकडे मोजवले नाहीत, तर कुत्र्याचे तळवेही भाजणार. कपाशीवर फवारणी चालू असेल त्या दिवशी त्या धुऱ्याने (बांधाने) जाऊच नका, कुत्रं घरी येऊन पाय चाटतं. रानडुकरांसाठी काही वावरांच्या कुंपणात करंट सोडलेला असतो, तेव्हा अनोळखी वावरात दोरी सोडू नका. आणि पावसाळा सरला की गवताची कुसळं बोटांच्या बेचक्यांत आणि कानात घुसतात. कुत्रं डोकं एकाच बाजूला झटकत असेल तर कानात गोचीडच असेल असं नाही, कुसळही असू शकतं. कुसळ घरी ओढून काढायच्या भानगडीत पडू नका, आत तुटतं.

गोचिडीची अंडी फुटायला साधारण तीन आठवडे लागतात. म्हणून काम संपल्यावर कॅलेंडरवर तीन आठवड्यांनंतरच्या तारखेला खूण करा. त्या दिवशी बॅटरी घेऊन चौकटी आणि फाटे पुन्हा तपासा. खसखशीएवढी, सहा पायांची पिल्लं चुन्यावर ठिपक्यांसारखी चालताना दिसतील. दिसली तर त्या जागेची भेग उकरून परत भरा, आणि आणखी तीन आठवड्यांवर दुसरी खूण करा. आमच्याकडे तिसऱ्या खुणेला भिंत कोरी निघाली.