मधुमेहाचं रेफरल पाठवताना या चुका टाळा

इतर डॉक्टरांकडून आलेल्या रेफरलच्या चिठ्ठ्या वाचून कोणाला आज बघायचं, कोणाला आठवड्याभरात आणि कोणाला नंतरची तारीख द्यायची, हे मी ठरवते. पेशंट समोर नसतो, हातात चिठ्ठी तेवढी असते. तीही बऱ्याचदा एका ओळीची: 'शुगर अनकंट्रोल्ड, कृपया पाहावे.'

सगळ्यात घातक चूक म्हणजे नुसत्या शुगरच्या आकड्यावर घाई ठरवणं. एचबीएवनसी (दोन-तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारी तपासणी) ११ असलेला, वजनदार, एरवी ठणठणीत मध्यमवयीन माणूस औषधं वाढवून थोडा थांबू शकतो. वजन भराभर उतरलेला, सारखं पाणी पिणारा सडपातळ तरुण थांबू शकत नाही. अशाच एका मुलाची चिठ्ठी आली होती: 'टाइप २, गोळ्यांना दाद नाही.' वजनाचा उल्लेख नाही, कीटोन (इन्सुलिन कमी पडलं की चरबी जळून तयार होणारी आम्लं) तपासलेले नाहीत. चिठ्ठी रूटीनमध्ये गेली. तारखेआधीच पोरगा इमर्जन्सीत आला, उलट्या करत, धापा टाकत. कीटोअ‍ॅसिडोसिस! म्हणजे कीटोन साचून रक्त आम्लधर्मी झालेलं. टाइप १ होता तो, शरीरात इन्सुलिन जवळजवळ न बनणारा. आयसीयूत राहून वाचला. 'वजन झपाट्याने घटले' एवढं जरी लिहिलेलं असतं, तरी त्याला त्याच दिवशी बोलावलं असतं. लघवीतले कीटोन पट्टीवर मिनिटभरात कळतात. तेवढी सवड नाही, हे मला पटत नाही. उलट्या आणि कीटोन दोन्ही असतील तर रेफरलची वाट बघूच नका, थेट इमर्जन्सीत पाठवा. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांत तर शुगर २०० च्या आत असतानाही कीटोअ‍ॅसिडोसिस होऊ शकतो.

दुसरं, पाय. 'पायाला किरकोळ जखम' हे चिठ्ठीच्या तळाशी सापडतं. किरकोळ कशावरून? मोजे काढून तळवा पाहिला का, नाडी लागते का, ते लिहा. दुखत नाही म्हणून निर्धास्त होऊ नका. संवेदना गेलेल्या पायाची जखम दुखतच नाही. जखम नसताना पाय लाल, गरम, सुजलेला असेल तर शार्कोचा (संवेदना गेलेल्या पायातली हाडं-सांधे ढासळण्याचा) संशय धरा आणि त्याच दिवशी फोन करा.

पेशंट गरोदर असेल तर ते पहिल्याच ओळीत हवं.

क्रिएटिनिन आणि लघवीतलं अल्ब्युमिन या मूत्रपिंडाच्या तपासण्यांचे रिपोर्ट जोडा. ईजीएफआर (मूत्रपिंड रक्त किती वेगाने गाळतं त्याचा आकडा) ३० च्या खाली गेला की मेटफॉर्मिन ही मधुमेहाची नेहमीची गोळी बंद करावी लागते. त्यासाठी आमच्या तारखेची वाट बघू नका.

हिमोग्लोबिन कमी असेल तर कळवा, एचबीएवनसी फसवतो.

सरसकट 'अर्जंट' लिहिणं तर बंदच करा. मी तो शिक्का बघत नाही. आधी औषधांची यादी बघते, मग रिपोर्ट, आणि लिहिलेलं रोगनिदान शेवटी. यादीत डोस नसले की चिठ्ठी परत जाते, आणि त्यात पेशंटचे दिवस वाया जातात.