ब्रास वाद्य वाजवताना घसा आवळतो? 'आ-ऊ-ई' वापरताना या चुका टाळा

घसा मोकळा ठेवायचा तर मनात 'आ' म्हणा, असं ब्रास वाद्य (ट्रम्पेट, ट्रॉम्बोनसारखं फुंकून वाजवायचं पितळी वाद्य) शिकणाऱ्या बहुतेकांना पहिल्या काही दिवसांतच सांगितलं जातं. ट्रॉम्बोनवर मी हे बराच काळ इमानेइतबारे पाळलं. तरी वरचे सूर लावताना घशातून घरघर यायचीच. (या लेखात 'स्वर' म्हणजे अ, आ, ई, वाद्यातून निघतो तो 'सूर'.)

माझी पहिली चूक 'आ' मोठा करण्याची होती. डॉक्टर घसा बघताना 'आ' करायला लावतात, म्हणून 'आ' म्हणजे उघडा घसा असं आपल्या मनात बसलेलं असतं. प्रत्यक्षात 'आ' म्हणताना जीभ खाली जाते, पण तिचं मूळ मागे, घशाच्या भिंतीकडे सरकतं. तोंड मोठं होतं आणि मागची पोकळी अरुंद. 'ई'मध्ये नेमकं उलट होतं. जीभ टाळूकडे उचलली जाते, व्याकरणात 'ई'ला तालव्य म्हणतात ते यामुळेच, आणि जिभेचं मूळ पुढे आल्याने घशाला जागा मिळते. त्यामुळे जबडा ताणून 'आ' करू नका. खालच्या सुरांना सैल 'अ' किंवा 'ओ' पुरतो. श्वास घेतानाही 'हो' उलटा, आत ओढल्यासारखा घ्या. जांभई सुरू होताना वाटतो तसा मोकळेपणा जाणवेल.

वर जाताना 'आ'वरच अडून राहणं ही याच चुकीची दुसरी बाजू. शिट्टी वाजवत सूर चढवून बघा, जीभ आपोआप वर जाते. संशोधक पीटर इल्टिस यांनी फ्रेंच हॉर्न या ब्रास वाद्याच्या वादकांचं वाजवतानाचं एमआरआय चित्रण केलं आहे. बर्लिन फिलहार्मोनिक या वाद्यवृंदातल्या हॉर्नवादक सारा विलिस यांचं चित्रण तर जरूर बघा. जीभ किती हलते ते त्यात स्वच्छ दिसतं. सरावाला ट्रम्पेटवर एकही व्हॉल्व्ह (बोटाने दाबायची कळ) न दाबता नोटेशनमध्ये लिहितात ते जी–सी–जी हे सूर घ्या, ट्रॉम्बोनवर पहिल्या पोझिशनला (सरकती नळी पूर्ण आत) एफ–बी फ्लॅट–एफ. जीभ न मारता, म्हणजे प्रत्येक सूर जिभेच्या टोकाने 'त'सारखा वेगळा न तोडता, फक्त 'आ–ई–आ'. मात्र पहिल्याच चढाला पूर्ण 'ई' केलात तर सूर चिरका आणि बारीक होतो. स्वर 'ई'कडे थोडाच सरकवा, पुढच्या उंचीसाठी जागा शिल्लक ठेवा.

स्वर ओठांनी करू नका. 'ऊ' ओष्ठ्य आहे, 'ई'ला ओठ फाकतात. पण माउथपीसमध्ये (वाद्याच्या ओठांना लावायच्या तोंडाशी) ओठांना त्यांचं काम आहे. स्वरातला फक्त जिभेचा भाग घ्यायचा.

आता घरघरीबद्दल. ती बहुधा जिभेमुळे येत नाही, स्वरतंतू जवळ आल्यामुळे येते, आणि तिथे कुठलाही स्वर एकटा उपयोगी पडत नाही. मोठ्याने 'आ' म्हणून सराव केला की तंतू एकत्र येण्याचीच सवय लागते, म्हणून स्वर नेहमी कुजबुजत म्हणा. दुसरं कारण श्वास अडवणं. भरपूर हवा घेतली, क्षणभर थांबलो, मग फुंकलं, तर त्या क्षणात जड ओझं उचलताना मिटतो तसा घसा मिटतो. सूर उशिरा, धक्क्याने सुटतो, मान फुगते. असं होत असेल तर जीभ पूर्ण बाजूला ठेवा आणि 'हू' म्हणत नुसत्या हवेने सूर सुरू करा. श्वास आत आला की लगेच बाहेर, मध्ये थांबा नको. हे जमेपर्यंत मी तरी वरचे सूर सोडूनच देतो.

जीभ परत आणाल तेव्हा 'टा' न म्हणता 'ता' म्हणा. इंग्रजी पुस्तकांतला हा उच्चार आपण सवयीने 'टा' वाचतो, पण आपल्या 'ट'ला जिभेचं टोक मागे वळतं. 'त' दातांपाशी राहतो. खालच्या सुरांना 'तो', वरच्यांना 'ती'.